पडद्यावरचा खेळ आणि पडद्याबाहेरची माणसे : इंग्लिश फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा इतिहास

१

एखादा खेळ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा खेळाडूंची नावे घेऊन देतो. परंतु खेळाचा इतिहास केवळ खेळणाऱ्यांचा नसतो. तो पाहणाऱ्यांचाही असतो. आणि ज्या दिवशी मैदानाच्या कडेला कॅमेरा उभा राहिला, त्या दिवसापासून तो दाखवणाऱ्यांचाही झाला. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला समोर घडते ते सारे दिसते. दाखवणारा मात्र निवड करतो. काय दाखवायचे, काय वगळायचे, कोणाचा आवाज वर आणायचा आणि कोणाचा दाबायचा, हे तो ठरवतो. ज्यांच्याविषयी नेहमी दुसऱ्यांनीच बोलावे आणि ज्यांनी गप्प बसावे अशी रीत होती, त्या समाजातून आलेल्या वाचकांना या निवडीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल आणि दूरचित्रवाणी यांचा संबंध १९३७ सालापासूनचा आहे. आज आपल्याकडील महाविद्यालयांच्या वसतिगृहांतही मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल ही नावे रात्री जागून घेतली जातात. ही नावे मुळात कोणाची होती, ती पडद्यावर कशी आली आणि येताना कोणाला मागे टाकून आली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी सुरू केला. आर्सेनलची स्थापना १८८६ साली वुलिच येथील शस्त्रांच्या सरकारी कारखान्यातील कामगारांनी केली. वेस्ट हॅमचा उगम टेम्स नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात आहे. खेळाचे नियम उच्चभ्रूंच्या शाळांतून आलेल्या तरुणांनी १८६३ साली लिहिले, हे खरे. पण त्या खेळात जीव ओतला तो गिरण्या-कारखान्यांतील माणसांनी. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की अर्धी सुट्टी मिळे. ही सुट्टी कारखान्यांच्या कायद्यांनी आणि कामगारांच्या लढ्यांनी मिळवलेली होती. शनिवारी तीन वाजता सामना सुरू करण्याची इंग्लिश प्रथा या अर्ध्या सुट्टीची देणगी आहे.

१८८३ साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने ओल्ड इटोनियन्सचा पराभव केला. एका बाजूला ईटनसारख्या शाळेतून शिकलेले सद्गृहस्थ, तर दुसऱ्या बाजूला विणकर आणि इतर कष्टकरी. या सामन्यानंतर कप पुन्हा कधीही अशा सद्गृहस्थांच्या हाती गेला नाही. खेळाबद्दल पैसे घेणे हे अभिजनांना कमीपणाचे वाटे. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला फुकट खेळणे परवडते. ज्याचा एक दिवसाचा रोज बुडाला तर चूल पेटत नाही, त्याला ते परवडत नाही. हा साधा अर्थव्यवहार मान्य व्हायला १८८५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली आणि १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. ते सर्व क्लब उत्तरेकडील आणि मध्य इंग्लंडमधील औद्योगिक गावांचे होते.

परंतु मान्यता मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. १९०१ साली खेळाडूंच्या वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा लागू झाली. ही मर्यादा बदलत बदलत पुढे साठ वर्षे टिकली. १९६१ साली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली तेव्हा ती वीस पौंड होती. त्या लढ्याचे नेतृत्व जिमी हिल या खेळाडूने केले आणि मर्यादा रद्द झाली. हा जिमी हिल पुढे दूरचित्रवाणीवरचा सर्वांत परिचित फुटबॉल-निवेदक झाला. म्हणजे कामगारांचा प्रतिनिधी पडद्यावर आला. पण तो ज्यांच्यातून आला होता, ते त्याच्याबरोबर पडद्यावर आले काय?

३

दूरचित्रवाणीवर फुटबॉल पहिल्यांदा दिसला तो १६ सप्टेंबर १९३७ रोजी. बीबीसीने लंडनमधील हायबरी मैदानावर आर्सेनलचा पहिला संघ आणि त्याचाच राखीव संघ यांच्यात केवळ कॅमेऱ्यासाठी एक सामना घडवून आणला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९३८ रोजी, कपचा संपूर्ण अंतिम सामना वेंब्लीवरून दाखवण्यात आला. प्रेस्टनने अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून हडर्सफील्डला हरवले. मैदानात नव्वद हजारांवर माणसे होती आणि घरी यंत्रासमोर फार तर काही हजार. दूरचित्रवाणी संच ही तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती. मैदान कामगारांचे आणि पडदा धनिकांचा, अशी ही पहिली विभागणी होती.

पुढे संच स्वस्त झाले. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने ते घरोघर आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा अंतिम सामना लाखो लोकांनी घरी बसून पाहिला. आता क्लबांच्या मालकांना भीती वाटू लागली. लोक घरी बसून सामना पाहतील तर तिकीट कोण काढील? १९६० साली आयटीव्हीने लीगचे सामने थेट दाखवण्याचा प्रयत्न केला. १० सप्टेंबरला ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा एक सामना दाखवलाही. पण मोठ्या क्लबांनी अंग काढून घेतले आणि ती योजना बारगळली. त्यानंतर तेवीस वर्षे, म्हणजे १९८३ पर्यंत, लीगचा सामना थेट दिसला नाही.

या मधल्या काळात प्रेक्षकांना मिळाला तो निवडक भाग. २२ ऑगस्ट १९६४ रोजी बीबीसीने 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम सुरू केला. लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरवले त्या सामन्याचा तो सारांश होता. मैदानात ४७ हजारांवर माणसे होती. पडद्यासमोर अंदाजे २० हजार. नव्वद मिनिटांचा खेळ कापून छोटा करायचा म्हणजे कोणीतरी कात्री चालवणार. आज आपल्याला जो फुटबॉल 'आठवतो' तो पुष्कळसा या कात्रीने आठवणीत ठेवलेला फुटबॉल आहे.

याच वर्षी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमाचा वार्ताहर लिव्हरपूलच्या मैदानावर गेला. गोलच्या मागे उतरत्या पायऱ्यांवर, ज्यांना तिकडे टेरेस म्हणतात, तेथे हजारो गोदी कामगार आणि त्यांची मुले खांद्याला खांदा लावून उभी असत. ती सर्व एका सुरात बीटल्सची गाणी म्हणत होती. कॅमेऱ्याने हे दृश्य टिपले, आणि ते आजही पाहावे असेच आहे. पण वार्ताहर काय म्हणाला? मानववंशशास्त्रज्ञाला येथे दक्षिण समुद्रातील एखाद्या बेटावर आढळावी इतकी समृद्ध आणि गूढ लोकसंस्कृती आढळेल, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. त्यात कौतुक होते, तुच्छता नव्हती. पण हे कौतुक अंतर राखून होते. आपल्याच देशातील, आपल्याच भाषेत गाणारी माणसे त्याला दूरच्या बेटावरची वाटली. गर्दीचे गाणे पडद्यावर आले, पण गर्दीतील एखाद्याला माइक देऊन 'तू का गातोस?' असे विचारावे, असे कोणाला वाटले नाही. ज्याचे वर्णन केले जाते तो बोलत नाही आणि जो बोलतो त्याचे वर्णन होत नाही, हा नियम येथेही दिसतो.

४

ज्यांचे शरीर दाखवायचे पण ज्यांचे दुःख ऐकू द्यायचे नाही, असा दुसरा वर्ग म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांची मुले १९७० च्या दशकात मोठ्या संख्येने व्यावसायिक खेळात उतरली. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या संघात सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅट्सन हे तिघे एकाच वेळी खेळत. २९ नोव्हेंबर १९७८ रोजी व्हिव अँडरसन हा इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

हे खेळाडू मैदानावर आले की माकडांचे आवाज काढले जात, केळी फेकली जात. हजारोंच्या तोंडून निघालेले हे आवाज कॅमेऱ्याशेजारच्या माइकपर्यंत पोहोचत नव्हते असे मानणे कठीण आहे. तरीही बहुतेक समालोचक चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला एवढेच सांगत राहिले. ३० डिसेंबर १९७८ रोजी वेस्ट ब्रॉमविचने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ५-३ असे हरवले. त्या सामन्यात जेराल्ड सिन्स्टाट या समालोचकाने कृष्णवर्णीय खेळाडूंची हुर्यो उडवली जात आहे, हे स्पष्टपणे सांगितले. चाळीस वर्षांनंतरही त्याचा उल्लेख होत राहिला. एका माणसाने खरे बोलावे आणि ते इतिहासात नोंदले जावे, यावरून बाकीचे किती गप्प होते ते कळते.

१९८२ साली इंग्लंडच्या संघात निवड झाली तेव्हा रेजिसला टपालाने बंदुकीची गोळी पाठवण्यात आली. १९८४ साली जॉन बार्न्सने ब्राझीलविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, अनेकांना चकवून एक अप्रतिम गोल केला. दूरचित्रवाणीने तो असंख्य वेळा दाखवला आहे. पण इंग्लंडने सामना २-० असा जिंकला असताना, विमानातील वर्णद्वेष्ट्या समर्थकांच्या हिशेबी तो १-० च होता, कारण काळ्याचा गोल ते मोजत नव्हते. गोल पडद्यावर आला, हिशेब आला नाही. १९८८ साली एव्हर्टनच्या मैदानावर याच बार्न्सने आपल्या पायाशी पडलेले केळे टाचेने बाजूला उडवले. तो क्षण एका छायाचित्रकाराने टिपला. त्या एका छायाचित्राने जे सांगितले, ते समालोचनाच्या कित्येक तासांनी सांगितले नव्हते.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. वेस्ट ब्रॉमविचमध्ये त्या तिघांना एकत्र खेळवणारा मॅनेजर रॉन अ‍ॅटकिन्सन पुढे दूरचित्रवाणीवर समालोचक झाला. एप्रिल २००४ मध्ये, माइक बंद आहे अशा समजुतीने, त्याने चेल्सीचा मार्सेल देसाई या कृष्णवर्णीय खेळाडूविषयी अत्यंत हीन वर्णद्वेषी उद्गार काढले. ते काही देशांत ऐकू गेले आणि त्याला काम सोडावे लागले. संधी देणाऱ्याच्या मनातूनही उच्चत्वाची भावना जातेच असे नाही. ती माइक बंद होण्याची वाट पाहत असते.

आणि माइक चालू असताना? २०२० साली चार युरोपीय लीगमधील ८० सामन्यांच्या समालोचनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की, समालोचक ताकदीविषयी बोलत असतील तर तो खेळाडू काळसर वर्णाचा असण्याची शक्यता साडेसहा पट होती. बुद्धीची स्तुती मात्र बहुतांशी गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला जात होती. एकाला स्नायू, दुसऱ्याला मेंदू. ही वाटणी कोणी शिव्या देऊन केली नव्हती, सभ्य भाषेत केली होती. श्रम एकाचे आणि बुद्धी दुसऱ्याची, ही वाटणी आपल्याला परकी आहे काय?

५

१९८५ हे वर्ष इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात काळे ठरले. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या जुनाट लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे मेली, आणि सामना टिपायला आलेल्या कॅमेऱ्याने ती आग टिपली. २९ मे रोजी ब्रसेल्समध्ये लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या धावपळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य इटालियन होते. त्यानंतरही सामना खेळला गेला आणि तो दाखवलाही गेला. समर्थकांतील एका गटाचा हिंसाचार खरा होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण त्यावरून एका संपूर्ण वर्गाविषयी निकाल दिला गेला. ब्रॅडफर्डच्या आगीनंतर आठवड्याभरात 'संडे टाइम्स'ने अग्रलेखात हा झोपडपट्टीचा खेळ आहे, झोपडपट्टीसारख्या मैदानांत खेळला जातो आणि झोपडपट्टीतील लोक तो पाहतात, त्यामुळे सभ्य लोक येत नाहीत, असे लिहिले. जळून मेलेल्यांच्या मैदानाची दुरवस्था त्या मेलेल्यांच्याच माथी मारण्यात आली.

मग १५ एप्रिल १९८९ उजाडला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा बंदोबस्ताच्या प्रमुख पोलीस अधिकाऱ्याने फाटक उघडण्याचा हुकूम दिला. माणसे आधीच भरलेल्या, जाळीने बंदिस्त केलेल्या कोंडवाड्यांत शिरली आणि चिरडली गेली. पोलिसांच्या नियंत्रणकक्षात दूरचित्रवाणीचे पडदे होते, आणि खिडकीतून तो स्टँडही दिसत होता. पण त्यांना गुदमरणारी माणसे दिसली नाहीत, मैदानात घुसू पाहणारे गुंड दिसले. ज्या वर्गाविषयी मन आधीच बनलेले असते, त्याच्या किंकाळ्याही गोंगाट वाटतात. कॅमेरा असून उपयोग काय?

त्याच अधिकाऱ्याने फुटबॉल असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले की, प्रेक्षकांनी फाटक फोडले. ते असत्य त्याच दुपारी प्रक्षेपणातून जगभर गेले. चार दिवसांनी 'द सन' या रूपर्ट मरडॉकच्या दैनिकाने 'सत्य' अशा मथळ्याखाली समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, असे छापले. पुढे सत्तावीस वर्षे मृतांच्या आईबापांनी, भावाबहिणींनी लढा दिला. २०१२ साली स्वतंत्र समितीने दाखवून दिले की, पोलिसांची १६४ निवेदने नंतर बदलण्यात आली होती. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निर्णय दिला की ९६ जणांचा मृत्यू हा बेकायदा मनुष्यवध होता आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यात दोष नव्हता. त्या दुखापतींनी २०२१ साली आणखी एकाचा मृत्यू झाला आणि संख्या ९७ झाली. असत्य पसरायला एक दुपार पुरली. ते खोडायला सत्तावीस वर्षे लागली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. मोठ्या प्रसारमाध्यमांत आपले कोणी नाही हे ओळखून समर्थकांनी स्वतःची नियतकालिके काढली. स्वस्त छपाईची, हातोहात खपणारी ही पत्रके मैदानाबाहेर विकली जात. लीड्सच्या समर्थकांनी तर वर्णद्वेष्ट्यांविरुद्ध लढण्यासाठीच असे एक पत्रक चालवले. आपल्याकडील अनियतकालिकांची आठवण व्हावी अशी ही चळवळ होती. १९९१ साली मैदानावरील वर्णद्वेषी घोषणा हा कायद्याने गुन्हा ठरला, त्यामागे या माणसांचे काम आहे. पडद्याने तो बदल नंतर आपल्या नावे जमा केला.

६

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली अंतिम अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्यासाठी खुर्च्या असाव्यात, ही त्यांची प्रमुख शिफारस. त्यासाठी तिकिटे फार महाग करण्याचे कारण नाही, असेही त्यांनी उदाहरणासह सुचवले होते. मालकांनी शिफारशीचा पहिला भाग स्वीकारला. दुसरा सोयीस्करपणे विसरला गेला.

आता पैशाचा हिशेब पाहू. १९८३ साली दोन्ही वाहिन्यांनी दोन वर्षांसाठी मिळून ५२ लाख पौंड दिले. १९८८ साली आयटीव्हीने चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख दिले. १९९२ साली स्काय आणि बीबीसी यांच्याबरोबर पाच वर्षांसाठी झालेला करार ३० कोटी ४० लाखांचा असल्याचे जाहीर झाले. २०१६ पासूनच्या तीन वर्षांसाठी हा आकडा ५१३ कोटी ६० लाखांवर गेला.

हा पैसा कोणाकडे गेला? पूर्वी दूरचित्रवाणीचे उत्पन्न लीगच्या ९२ क्लबांत समान वाटले जाई. लहान गावच्या चौथ्या श्रेणीतील क्लबलाही लिव्हरपूलइतकाच वाटा. १९८० च्या दशकाच्या मध्यात मोठ्या क्लबांनी धमकी देऊन अर्धा वाटा पहिल्या श्रेणीसाठी घेतला. तेवढ्यानेही समाधान न होता १९९२ साली पहिल्या श्रेणीतील २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच प्रीमियर लीग. ज्यांनी ती विकत घेतली त्या स्कायमागे तोच मरडॉक होता, ज्याच्या दैनिकाने हिल्सबरोच्या मृतांची बदनामी केली होती आणि ज्याने १९८६ साली वॉपिंग येथे हजारो छापखाना-कामगारांना कामावरून काढून त्यांच्या संघटनांचे कंबरडे मोडले होते. कामगारांच्या बदनामीतून आणि त्यांच्या खेळातून नफा मिळवणारा एकच. यात कट शोधण्याची गरज नाही. भांडवलाचा स्वभाव पुरेसा आहे.

फुकट दिसणारा लीगचा थेट सामना आता तबकडी आणि मासिक वर्गणीशिवाय दिसेना. मैदानावरची तिकिटे महागली, आणि टेरेसवर उभे राहणाऱ्याची मुले पबमध्ये जाऊन सामना पाहू लागली. पोर्ट्समथच्या एका पबचालक बाईने महागडी वर्गणी टाळून ग्रीसमधून स्वस्त जोडणी आणली, तर तिच्यावर खटला झाला. ती युरोपीय न्यायालयापर्यंत लढली आणि २०१२ साली तिची शिक्षा रद्द झाली. ज्या शनिवारी तीनच्या वेळेसाठी कामगार लढले, ती वेळही विस्कटली. आता सामना रविवारी, सोमवारी रात्री, वाहिनीच्या सोयीने. दूरच्या गावाहून येणाऱ्याला परतीची गाडी मिळते की नाही, हे वेळापत्रक आखणाऱ्याने पाहायचे कारण उरले नाही.

७

तरीही ही माणसे निव्वळ हरली असे म्हणता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर ७७ व्या मिनिटाला हजारो समर्थक उठून चालते झाले, कारण पुढील वर्षी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार होते. संघ २-० ने पुढे होता. शेवटी सामना २-२ असा सुटला. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या कॅमेऱ्याला दाखवाव्याच लागल्या. चार दिवसांनी मालकांनी माघार घेतली. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लबांनी युरोपातील धनाढ्यांबरोबर स्वतंत्र 'सुपर लीग' जाहीर केली, तेव्हा समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत ते सहाही क्लब बाहेर पडले.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो जून २०२० चा प्रसंग. महामारीमुळे मैदाने रिकामी होती. १७ जूनला सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला. कॅमेऱ्याने तो दाखवला. एकेकाळी जे सांगण्याचे समालोचकांनी टाळले होते, ते खेळाडूंनी शब्दाविना सांगितले. मात्र रिकाम्या मैदानाच्या शांततेत चेंडूचा आवाज तेवढा येणार, आणि हा माल असा विकला जाणार नाही, हे वाहिन्यांनी आधीच ओळखले होते. तेव्हा त्यांनी गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज प्रक्षेपणात मिसळला. झोपडपट्टीतले लोक म्हणून ज्यांना हिणवले, जाळीच्या कोंडवाड्यात ज्यांना कोंबले, तिकिटे महाग करून ज्यांना मैदानाबाहेर काढले, त्यांचा आवाज मात्र हवा होता. माणसे नकोत, त्यांचा आवाज हवा. आणि तोही यंत्राच्या कळीवर कमीजास्त करता येईल असा.

इंग्लंडच्या या इतिहासातून आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यायचे ते एवढेच. पडद्यावर आपले कोणी दिसते आहे यावर समाधान मानू नये. ते कोणाच्या निवडीने दिसते, त्याच्याविषयी कोण बोलते, आणि बोलण्याची पाळी त्याची स्वतःची कधी येते, हे विचारले पाहिजे. हा प्रश्न हिल्सबरोच्या आयांनी सत्तावीस वर्षे विचारला. त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता, तरी शेवटी खरे काय घडले ते त्यांच्याच तोंडून जगाला ऐकावे लागले.